भिमाजी सरांचा एकदाच खरा ठरलेला अंदाज

आजच्या या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय बाळासाहेब ढमाले, तालुक्याची सगळी कामं बाजूला ठेवून आलेले गटशिक्षणाधिकारी साहेब, आपल्या विद्यालयाच्या माननीय मुख्याध्यापिका, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे मित्र भिमाजी तांबे सर, या सत्कारातला निम्मा वाटा ज्यांचा आहे आणि तो निम्मा त्या मुळीच सोडणार नाहीत अशा आमच्या सरूवहिनी, माझे शिक्षक बंधू-भगिनी, ओतूरचे ग्रामस्थ, आळ्याहून आणि पार डिंभ्याहून आलेले माजी विद्यार्थी, आणि ऐन मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत पाऊल टाकण्याचं धाडस केलेल्या माझ्या बालमित्रांनो,

मी अमृत डुंबरे. या शाळेत भूगोल शिकवतो. सूत्रसंचालकांनी मला सांगितलंय, "डुंबरे सर, थोडक्यात आटपा, जेवण गार होतंय." मी मान हलवली आहे. भूगोलाच्या शिक्षकानं मान हलवली म्हणजे तो थोडक्यात आटपतोच असं नाही, हे माझे विद्यार्थी तुम्हाला सांगतील.

मंडळी, निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात. भिमाजी सर वेळेवर येत, शिस्तीचे भोक्ते होते, मुलांवर त्यांनी पोटच्या पोरांसारखं प्रेम केलं, हे सगळं माझ्याआधीच्या वक्त्यांनी सांगून टाकलं. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. तेव्हा मी सरांच्या एका अवगुणावर बोलणार आहे. सर, घाबरू नका. वहिनींची परवानगी घेतली आहे.

आमचे भिमाजी सर अंदाज सांगतात.

पावसाचे नाही, बाजारभावाचे नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलचे. तिकडे तीस व्यावसायिक संघ आहेत. मार्च संपता संपता त्यांचा हंगाम सुरू होतो आणि एकेक संघ दीडशेहून जास्त सामने खेळतो. आपल्याकडे त्याच सुमाराला द्राक्षांचे ट्रक नारायणगावच्या रस्त्याला लागलेले असतात, शाळेत परीक्षांची धांदल असते, आम्ही सगळे पर्यवेक्षणानं वैतागलेले असतो. आणि अशा वेळी हा गृहस्थ शिक्षक-खोलीत चहाचा कप हातात घेऊन उभा राहतो, घसा साफ करतो आणि सांगतो, यंदा पूर्वेकडच्या गटात कोण पुढे राहील, पश्चिमेकडे कोण घसरेल आणि शेवटी अजिंक्य कोण ठरेल.

कोणी विचारलेलं असतं का? छे! शिक्षक-खोलीत बेसबॉल समजणारा माणूस एकच, तो स्वतः बोलत असतो.

पण काय तो आवेश! "अमृतराव, त्यांच्या त्या डावऱ्या पिचरचा खांदा बघा. गेल्या वर्षी दुखत होता. यंदा पोरगं हसून चेंडू टाकतंय. ज्याचा खांदा दुखत नाही तोच हसतो." मला खेळाडूंची नावं लक्षात राहत नाहीत म्हणून सरांनी माझ्यासाठी सोय केली होती. एक जण आमच्या कल्याण गाडीच्या कंडक्टरसारखा उभा राहतो तो, दुसरा आळेफाट्याच्या रसवंतीवाल्यासारखा दिसतो तो. अशा रीतीनं मी अमेरिकेचा भूगोल शिकवत राहिलो आणि सर मला अमेरिकेतली माणसं आळेफाट्यावर दाखवत राहिले.

तिकडचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. सरूवहिनींची त्याबद्दलची तक्रार मी त्यांच्याच शब्दांत सांगतो. "दूध गॅसवर ठिवायचं आन् हे जाऊन बसायचं अमेरिकेत. दूध उतू जायचं ते मातर ओतुरातच!"

आता तुम्ही विचाराल, अंदाज खरे ठरत होते का?

मंडळी, मी या पवित्र व्यासपीठावरून पूर्ण जबाबदारीनं सांगतो, एकही नाही. सरांनी ज्याला अजिंक्य म्हणावं तो संघ जून उजाडेपर्यंत गाळात जायचा. ज्या पिचरच्या खांद्याचं कौतुक करावं, तो पंधरवड्यात जायबंदी व्हायचा. ही कीर्ती गावभर पसरली होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की उमेदवार सरांना रस्त्यात गाठायचे आणि हात जोडायचे, "सर, मत द्या नायतर नका देऊ, पण मी निवडून यीन असं कुठं बोलू नका." संस्थेच्या निवडणुकीआधी आणखी एक मोठे गृहस्थ हेच सांगायला सरांच्या घरी गेले होते. त्यांचं नाव मी घेणार नाही. ते हसताहेत, तेवढं पुरे.

पण एक गोष्ट मात्र मला फार उशिरा लक्षात आली. सर पहिला नंबर सांगत, दुसरा सांगत, मधले सांगत. शेवटचा कधीच सांगत नसत. एकदा मी पकडलंच. "सर, तळाला कोण ते राहिलं की!" तर म्हणाले, "ते हंगाम ठरवील. आत्तापासून एखाद्याला खाली कशाला बसवा? अजून एकही चेंडू पडला नाही." हा माणूस सात समुद्रापलीकडच्या, पगार घेऊन खेळणाऱ्या, ज्यांना ओतूर नावाचं गाव पृथ्वीवर आहे याची कल्पना नाही अशा लोकांचंसुद्धा मन मोडायला तयार नव्हता.

असो. हा खेळ आपल्या शाळेत आला कसा, हे नव्या लोकांना ठाऊक नसेल. सर तरुण होते, क्रीडाशिक्षक म्हणून नवीन लागले होते. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबानं आपलं सामान शाळेला देऊन टाकलं. सरांना वाटलं क्रिकेटचं असेल. खोकं उघडलं तर एकाच हातात घालायचे जाडजूड हातमोजे आणि गोल दांडके! शाळेच्या सेविका सोनीबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी एक दांडकं उचललं आणि विचारलं, "सर, ह्ये मुसळ हाय व्हय? मंग उखळ कुठंय?"

मुलांना विचारलं, तर मुलं क्रिकेट सोडायला तयार नाहीत. मुलींना तेव्हा क्रिकेटमध्ये कोणी घेत नव्हतं. त्या मैदानाच्या कडेला घोळक्यानं उभ्या राहायच्या. सर मुसळांचं खोकं घेऊन त्यांच्याकडे गेले. आपल्या शाळेचा मुलींचा बेसबॉल संघ असा तयार झाला.

आणि आता मी ज्या गोष्टीसाठी उभा राहिलोय तिच्याकडे येतो. सूत्रसंचालकांनी घड्याळाकडे पाहू नये.

करोनाच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. आपल्या संघात तेव्हा आरती केंगले नावाची मुलगी होती. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतली, शिक्षणासाठी इथं ओतूरला मावशीकडे राहायची. ती पिचर होती, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारी. तिचा चेंडू सुटला की दिसायचा नाही, फक्त हातमोज्यात बसल्याचा आवाज यायचा. सगळे म्हणायचे, डोंगरातली पोर, गोफण फिरवून हात तयार झालेला. मीही एकदा ही अक्कल पाजळायला गेलो. आरती म्हणाली, "सर, आमच्याकडं गोफण आता शोधून सापडायची नाय. मी भावासंगं क्रिकेट खेळायची. त्यो मला बॅटिंगच द्यायचा नाय. मंग बॉलिंगशिवाय काय येणार?"

हा चेंडू पकडायला फलंदाजाच्या मागे जी बसते ती कॅचर. आपली कॅचर होती हर्षाली. आरतीचा चेंडू पकडू शकणारी आख्ख्या शाळेत ती एकटीच. आणि जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर असताना हर्षाली सायकलवरून पडली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

नेमकी त्याच आठवड्यात संस्थेची सभा होती. बाळासाहेबांचं म्हणणं स्पष्ट होतं, आणि ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मैदानाचा जो कोपरा या मुली वापरत होत्या तिथं स्पर्धा परीक्षांसाठी वर्ग बांधायचा. बाळासाहेब म्हणाले, "या खेळाचं नाव गावात कुणाला धड घेता येत न्हाई. पोरींना पुढं जाऊन त्याचा उपेग काय? जिल्ह्याला जिंकून आल्या तर ठेवू, न्हाई तर हे बंद करू." आणि मग सरांकडे वळून, जरा मिस्कीलपणे, "तांबे सर, तुमी एवढं अमेरिकेचं भाकीत सांगता. आता आपल्या पोरींचं सांगा. काय व्हनार?"

आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. उत्तर आम्हाला पाठ होतं. हा माणूस म्हणणार, जिंकतील. दुसरं काही याच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं.

सरांनी खिडकीतून मैदानाच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पहिल्याच सामन्यात हरतील."

सभा संपली, सर बाळासाहेबांना घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेले, दोघं काहीतरी बोलले आणि सर सायकल काढून घरी निघून गेले. मी मागोमाग गाठलं. मला राग आला होता. म्हटलं, "इतकी वर्षं त्या अमेरिकेच्या बाबतीत वाट्टेल ते सांगितलंत, आज आपल्या मुलींसाठी एवढं म्हणता आलं नाही?" सर म्हणाले, "अमृतराव, हर्षालीचा हात प्लास्टरमध्ये आहे." आणि पुन्हा सायकलवर टांग टाकली.

शिक्षक-खोलीत मात्र दुसऱ्या दिवशी दिवाळी! का? तुम्हीच विचार करा. ज्या माणसाचा अंदाज जन्मात खरा ठरला नाही, तो म्हणतो मुली हरणार. म्हणजे काय? जिंकल्याच की! आमच्या गणिताच्या सरांनी तर फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. सोनीबाईंनी सगळ्यांकडून वर्गणी गोळा करून स्टँडवरच्या दुकानात पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली.

त्या गोंधळात दारात आरती उभी राहिली. तिच्या कानावर गेलं होतं. सगळ्या शिक्षकांसमोर तिनं विचारलं, "सर, अमेरिकेतल्या तीस टीमांत तुमी एकीला बी शेवटचं टाकत नाय. आमालाच का टाकलं?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "त्या तीस टीमा माझं बोलणं ऐकत नाहीत, आरती."

याचा अर्थ तिला कळला नाही. खरं सांगू? मलाही कळला नाही. ती पाय आपटत गेली आणि त्या दिवसापासून सरांशी बोलायची बंद झाली. सरावाला यायची, सर सांगतील ते करायची, पण तोंड मिटून. आणि चेंडू मात्र असे टाकायची की भिंतीचा गिलावा पडायचा.

हर्षालीच्या जागी बसायला कोणी तयार होईना. शेवटी आळ्याची भागीरथी, आमची भागू, पुढे आली. भागूची उंची बेताची, आवाज मोठा. तिनं पॅड बांधले, खाली बसली, आणि पहिलाच चेंडू छातीवर घेतला. उठली, म्हणाली, "आयव! हर्षे, तू ह्ये रोज खायची?" आणि पुन्हा बसली. सर आरतीला सांगायचे, भागूला सवय होईपर्यंत जरा हळू टाक. आरती हळू टाकायची. पण हळू टाकलेला चेंडू कोणालाही मारता येतो, हे तिलाही ठाऊक होतं आणि सरांनाही.

सामना पुण्याच्या अलीकडच्या एका मैदानावर होता. समोर शहरातला तयारीचा संघ, त्यांच्या मुलींचे बूटसुद्धा एकसारखे. आपली गाडी सकाळी इथून निघाली, पुढे संघ, मागे मी, सोनीबाई आणि पेढ्यांचे खोके. बाळासाहेब आपल्या गाडीनं परस्पर आले. म्हणाले, "धा मिंटं बघतो आन् मार्केट यार्डात जातो. काम हाय."

मंडळी, माणसानं बेसबॉल दहा मिनिटं बघू नये. एक तर मुळीच बघू नये, नाही तर मग मार्केट यार्ड विसरावं.

पहिल्याच डावात काय झालं ऐका. तीन वेळा फलंदाज चुकली की ती बाद, हा नियम सर बाळासाहेबांना समजावत होते. आरतीनं तिसरा चेंडू टाकला, समोरची मुलगी चुकली. बाळासाहेबांनी टाळी वाजवली, "गेली!" पण चेंडू भागूच्या हातमोज्यातून निसटला आणि ती बाद झालेली मुलगी बॅट टाकून पहिल्या बेसकडे, म्हणजे पहिल्या टप्प्याकडे, पळत सुटली. पोहोचलीसुद्धा. पंचांनी तिला राहू दिलं.

बाळासाहेब ताडकन उठले. "ओ तांबे सर! आउट झाल्याली पोरगी पळतीय कशी?"

सर म्हणाले, "साहेब, तिसरा चेंडू कॅचरनं पकडला नाही तर तिला पळायची मुभा असते."

"म्हंजी चुकली ती, आन् फायदाबी तिलाच?"

"तसाच नियम आहे."

"कुनी केला ह्यो नियम? त्याला बोलवा!"

बाळासाहेब त्यानंतर बसले नाहीत. सामना संपेपर्यंत ते जाळीला धरून उभे होते. मार्केट यार्डातून फोन येत होता तो सोनीबाईंनी घेतला आणि सांगितलं, "सायेब मॅचमधी हायेत."

आपल्या मुली काय खेळल्या म्हणून सांगू! आरती हळू टाकत होती, शहरातल्या मुली मारत होत्या, आपल्या मुली मातीत लोळून चेंडू अडवत होत्या. भागूच्या हातावर, मांडीवर काळेनिळे वळ उठले. आपणही धावा काढल्या. शेवटच्या डावात दोन्ही संघ बरोबरीत होते. बॅटिंग त्यांची होती, दोघी बाद झाल्या होत्या, तिसरी गेली की डाव संपणार, आणि त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर. ती घरापर्यंत, म्हणजे फलंदाज उभी असते तिथपर्यंत, पोहोचली की सामना त्यांचा. समोर त्यांची सर्वांत चांगली फलंदाज. ती दोनदा चुकली होती. आता एकच चेंडू.

सरांनी पंचांना हात करून खेळ थांबवला आणि ते मधे गेले. मी कुंपणाला लागून उभा होतो, मला ऐकू येत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आरती त्यांच्याशी बोलली. "सर, हळू टाकला तर ही मारनार. जोरात टाकू?"

त्यांनी भागूकडे पाहिलं.

भागू म्हणाली, "टाक गं. आडवी पडंन, पण सोडायची नाय."

"टाक," सर म्हणाले आणि परत आले. त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून कुंपणाची तार घट्ट धरली होती.

आरतीनं टाकला. आयुष्यात मी तसा चेंडू पाहिलेला नाही, कारण तो दिसलाच नाही. फलंदाज फिरली, हुकली. बाद! पण चेंडू भागूच्या मोज्यावर आपटून मागे जाळीपर्यंत गेला, म्हणजे पुन्हा तोच नियम, खेळ चालूच. भागू उठून झेपावली, चेंडू उचलला, आरती घराच्या बेसवर धावत आली होती, तिच्याकडे फेकला. चेंडू आरतीच्या हातात आला तेव्हा तिसऱ्या बेसवरची मुलगी मातीतून घसरत घरी पोहोचलेली होती. वीतभर आधी.

आपण हरलो. पहिल्याच सामन्यात.

भिमाजी तांबे यांचा अंदाज एकदाच खरा ठरला, मंडळी. आणि अंदाज खरा ठरल्यावर माणसाचं तोंड कसं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. देव करो आणि पुन्हा बघायला न लागो.

पण दुःख करायला तिथं सवड कुठली? बाळासाहेब मैदानात घुसले होते. पंचांच्या अंगावर जाऊन, "आउट झाली व्हती ती! मी डोळ्यानं बघितलंय!" आपल्या संस्थेचे अध्यक्ष, तालुक्यातलं वजनदार माणूस, आणि त्यांना पोटाला धरून मागे ओढतोय कोण? आमचे क्रीडाशिक्षक! "साहेब, नियम आहे, साहेब, नियम आहे." ते दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जन्म घेऊन काय केलं?

परतीच्या वाटेवर बाळासाहेबांनी आपली गाडी ड्रायव्हरबरोबर पुढे पाठवली आणि ते मुलींच्या गाडीत चढले. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. भागू खिडकीला डोकं लावून रडत होती. "माज्याच हातून सुटला, माज्यामुळं खेळ बंद व्हनार," एवढंच म्हणत होती. सोनीबाई पेढ्यांचे खोके पदराखाली लपवत होत्या.

मंचर गेलं, नारायणगाव मागे पडलं आणि आरती एकदम मागे वळली. "सर, खरा ठरला ना तुमचा अंदाज? आता तरी बरं वाटलं?"

उत्तर दिलं ते बाळासाहेबांनी.

"ए पोरी, हिकडं बघ. सभेनंतर ह्या माणसानं मला व्हरांड्यात काय सांगितलं, म्हाईत हाय? म्हनला, अध्यक्ष, हरनार म्हनून मी बोललोय. खेळ बंद करायचा तर आजच करा, माझ्या बोलन्यावर करा. पोरींच्या हरन्यावर नका करू. नायतर जलमभर एखादी मनाला लावून घेईल, की माझ्यामुळं बंद झाला. हार माझी, जीत झाली तर त्यांची." बाळासाहेब थांबले. "म्या म्हनलं, एवढं काय हाय ह्या खेळात, एकदा बघू तर. म्हनून आलो मी."

भागूचं रडणं थांबलं होतं. आरती सरांकडे बघत होती. त्या तीस टीमा ऐकत नाहीत, पण या मुली ऐकतात आणि मनाला लावून घेतात, हे मला तेव्हा कळलं.

"मंग हे आमाला का नाय सांगितलं?"

सर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी खेळली असतीस. त्यापेक्षा रागानं खेळतेस ते बरं. चेंडू जास्त जोरात जातो."

आरतीला हसू आलं. हसता हसता रडूही आलं. बाळासाहेबांनी सोनीबाईंच्या पदराखालून खोकं ओढून काढलं. "आन् ह्ये पेढं काय माघारी न्यायचं का? वाटा! पहिला त्या भागूला." मग भागूला पेढा भरवत म्हणाले, "कोन बंद करतंय? त्या पंचाला पुढच्या वर्साला दावायचं हाय अजून!"

स्पर्धा परीक्षांचा वर्ग मग सायकल स्टँडच्या बाजूला बांधला गेला. तो आजही तिथं आहे आणि चांगला चालतो. पुढच्या वर्षी हर्षालीचा हात बरा होता. शिक्षक-खोलीत सर चहाचा कप घेऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "यंदा मुली राज्य जिंकतील." आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मुली जिल्हा जिंकल्या आणि त्याच्या पुढच्या पायरीवर हरल्या. गणिताच्या सरांनी जाहीर केलं, सरांच्या हिशेबानं हे उत्तीर्ण धरायला हरकत नाही.

आता शेवटचं. अगदी शेवटचं, गळ्याशपथ.

मागच्या आठवड्यात सर क्रीडासाहित्याची खोली मोकळी करून देत होते. मीही मदतीला होतो, म्हणजे खुर्चीवर बसून सूचना देत होतो. आणि दारात आरती. ती आता घोडेगावच्या एका शाळेत खेळ शिकवते. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला बोलायचा आग्रह केला, पण तिनं नाही म्हटलं. त्या दिवशी तिनं कपाटातून एक चेंडू काढला, बोटांत फिरवला आणि म्हणाली, "सर, इतक्या वर्षांत तुमी माझा चेंडू कधी पकडला नाय. नेहमी बाजूला उभे राहायचात."

सर म्हणाले, "माझं वय काय झालं!"

"म्हंजी भ्यायलात."

झालं! आमच्या सत्कारमूर्तींनी हातमोजा चढवला आणि भर उन्हात मैदानावर जाऊन गुडघे मोडून बसले. गुडघ्यांचा आवाज मला व्हरांड्यात ऐकू आला. सरूवहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या कुंपणापासून ओरडल्या, "अवो, उठा! जायच्या आठवड्यात हाडं मोडून घेता का?" आरतीनं पहिला चेंडू हळू टाकला. सर ओरडले, "हा काय? भागूला टाकतेस का? जोरात!"

तिनं जोरात टाकला. तो सुटला, मागे गेला. सर उठून आणायला गेले, येताना धापा टाकत होते, पुन्हा बसले. तिनं आणखी जोरात टाकला. तोही सुटला. मी म्हटलं, सर, पुरे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तिनं दम घेतला, पाय उचलला आणि त्या सामन्यातल्या शेवटच्या चेंडूसारखा टाकला.

फट्! आणि मग काहीच आवाज नाही. चेंडू सरांच्या हातमोज्यात होता. सर तसेच बसून होते, हात पुढे, डोळे मिटलेले. आरती पळत आली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली, मोजा उघडून बघितला आणि म्हणाली, "सर, हाय की! हाय आतमधी!"

तेव्हा व्यासपीठावरच्या मान्यवरांना माझी एक नम्र विनंती आहे. थोड्याच वेळात आपण सरांचा सत्कार कराल आणि त्यांचे दोन्ही हात हातात घ्याल. त्यांचा डावा तळहात अजून लाल आहे, सुजलेलाही आहे. वहिनी रोज हळद लावताहेत. सर तो कोणाला दाखवत नाहीत, पण त्यांना त्याचा केवढा अभिमान आहे हे मला माहीत आहे. तो हात कृपा करून जरा जपून धरा.

संस्थेनं मला बोलू दिलं, आपण सर्वांनी भूक मारून ऐकून घेतलं, बाळासाहेबांनी मधे उठून माझा माईक काढून घेतला नाही, याबद्दल मी सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मित्राबद्दल बोलताना जीभ जरा सैल सुटते. कुठं अधिक-उणं बोललो असेन, थट्टा मर्यादेबाहेर गेली असेल, तर सरांनी आणि वहिनींनी मोठ्या मनानं पोटात घालावं, आणि आचाऱ्यांनीही, कारण भाजी माझ्यामुळंच गार झाली आहे. सरांना निरोगी, सुखाचं दीर्घायुष्य लाभो, एवढी प्रार्थना करून मी थांबतो. नमस्कार.